पत्ता बदलला आहे

पूर्वी माणसे भेटली की 'काय, कसे काय?' असे विचारीत. आता फोन कानाला लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, 'कुठे आहात?' हा बदल नेमका कधी झाला ते कुणाच्या ध्यानात आले नाही. पण त्याचे कारण उघड आहे. फोन भिंतीला खिळलेला होता तेव्हा तो उचलणारा माणूस कुठे आहे हे विचारण्याची गरजच नव्हती. फोनला पाय फुटले आणि प्रकृतीची चौकशी मागे पडून ठावठिकाण्याची चौकशी पुढे आली.

मी राहतो त्या गावाचे नाव मात्र अचलपूर. एके काळचे एलिचपूर. इमादशाहीच्या दिवसांत वऱ्हाडची राजधानी. सापन आणि बिच्छन या नद्यांच्या सोबतीने आणि शेजारच्या परतवाड्याला जोडून हे गाव आपल्या जागी शांतपणे बसले आहे. अशा अचल गावात जन्माला येऊन मी सारी नोकरी बदल्यांत घालवली, हा दैवाचा विनोदच म्हणायचा. ट्रंका बांधायच्या आणि सोडायच्या यातच आमच्या बिऱ्हाडाची तीस वर्षे गेली. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या घरी परत आलो. आता मी हलणार नाही, असे मी जाहीर केले आणि मंडळींनी त्यावर विश्वास ठेवला.

धाकट्या मुलीने मात्र ठेवला नाही. ती पुण्याला असते आणि संगणकांच्या जाळ्यांचे काम करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा तिने माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधले. ते वेळ दाखवते, पण ती त्याची दुय्यम कामगिरी. मुख्य काम म्हणजे माझ्या नाडीचे ठोके मोजणे आणि खिशातल्या फोनमार्फत पुण्याला कळवणे. वर्षापूर्वी छातीत जरा गडबड झाली होती, त्याची ही शिक्षा. सौभाग्यवतींना हे घड्याळ फार आवडले. चाळीस वर्षांत जे काम त्यांना एकटीने करावे लागले, त्याला आता एक मदतनीस मिळाला!

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझे एक जुने शिक्षक मित्र आले आणि म्हणाले, "चला, चिखलदऱ्याला जाऊन येऊ. धुके पाहू, तिथली कॉफी पिऊ." मी मुलीला तसे कळवले. पण परतवाड्याच्या बसस्थानकावर मित्रांचा बेत फिरला. मेळघाटात सेमाडोहच्या पलीकडे एका कोरकू वस्तीत त्यांचा जुना विद्यार्थी राहतो. त्याच्याकडे जेवायला जायचे ठरले. गाडी उभीच होती. आम्ही चढलो. बेत बदलल्याचे कुणाला कळवावे असे माझ्या मनातही आले नाही.

घाट सुरू झाला आणि फोनची रेघ गेली. वस्तीवर ती मुळीच नव्हती. आम्ही पोटभर जेवलो, सागाच्या सावलीत गप्पा मारल्या, ओढ्यापर्यंत फिरून आलो. संध्याकाळी परतवाडा जवळ आला तसा खिशात फोन असा थरथरू लागला की जणू त्यालाच हिवताप भरला आहे. बत्तीस वेळा हाका येऊन गेल्या होत्या. घरी पोहोचलो तर दारात शेजारी उभे.

"काकाजी, होते कुठी तुम्ही? ताईनं सारी आळी जागी केली ना! म्या पोराले गाडी देऊन चिखलदऱ्याले धाडलं. तो तिथं सारे पॉइंट पाहून रायला!"

मुलीचा फोन लागला तेव्हा ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बाबा, कुठे होता तुम्ही? अकरानंतर तुमचा एकही ठोका आला नाही." आणि ती रडू लागली. मजा अशी, की त्याच वेळी तिच्या पडद्यावर माझे दिवसभराचे ठोके एकामागून एक उमटत होते. घड्याळाने ते सारे जपून ठेवले होते; रेंज मिळताच पोहोचते केले. ठोके उत्तम होते. ओढ्याच्या चढावर जरा वाढलेले, जेवणानंतर मंदावलेले. चूक घड्याळाची नव्हती.

त्या दिवाळीला मुलगी आली ती जरा रागातच. फराळाचे ताट घेऊन ओसरीवर बसलो असताना मी विचारले, "एवढी मोठी विद्या तुमची, आणि घाट ओलांडला की बापाचा पत्ता लागत नाही?"

"तेच तर दुखणं आहे, बाबा," ती म्हणाली. "आमचं सगळं जाळं पत्त्यावरच चालतं."

मग तिने जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण तिच्या शब्दांत मलाच आधी कळले नव्हते.

आजचे इंटरनेट ज्या नियमांवर चालते त्यांची घडण १९७० च्या दशकातली. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्याने ते नियम स्वीकारले. त्या काळचे संगणक कपाटाएवढे. ते जागचे हलतील अशी शंका कुणालाही येण्याचे कारण नव्हते. म्हणून प्रत्येक यंत्राला एक पत्ता दिला आणि या पत्त्यावरून त्या पत्त्यावर पुडके पाठवायचे असे ठरले. आपल्या पिनकोडसारखेच हे. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी गृहस्थांनी रचला. मद्रासच्या टपाल कारकुनाला अचलपूर कुठे आहे ते ठाऊक असण्याची गरज नाही. ४४४ पाहिले की थैली अमरावती-अकोल्याकडे, ४४३ पाहिले की बुलढाण्याकडे, ४४५ पाहिले की यवतमाळकडे. सोय मोठी आहे. पण ती घरे जागच्या जागी राहतात या भरवशावर उभी आहे. उद्या एखादे घर आपला ४४४ चा आकडा घेऊन यवतमाळात फिरू लागले, तर कारकुनाने काय करावे?

घरे फिरत नाहीत, पण यंत्रे फिरू लागली. मग १९९६ साली एक तोड निघाली. फिरत्या यंत्राने आपल्या मूळ गावी एक मुनीम नेमायचा आणि नव्या गावी गेले की त्याला नवा पत्ता कळवायचा. पत्र मूळ गावीच येणार. मुनीम ते नव्या पत्त्याच्या पाकिटात घालून पुढे धाडणार. यात अडचण एवढीच, की पाठवणारा आणि घेणारा शेजारी बसलेले असले तरी पत्र आधी गावाला जाऊन येते. या फेऱ्याला त्या शास्त्रात 'त्रिकोणी वाट' असेच नाव आहे.

त्रिकोणी वाट! हे शब्द ऐकले आणि माझ्या हातातली चकली तशीच राहिली. ती वाट मी चांगली ओळखत होतो.

१९७८ सालची गोष्ट. माझी मेहकरहून पुसदला बदली झाली होती. जागा मिळेना, म्हणून एका सहकाऱ्याच्या खोलीत पथारी टाकली. मेहकरच्या पोस्टात पुसदच्या कचेरीचा पत्ता देऊन आलो, पण घरी कळवले नाही. बिऱ्हाड थाटले की सविस्तर लिहू, असा विचार. इकडे वडिलांनी मेहकरच्या पत्त्यावर कार्ड टाकले. 'प्रकृती बरी नाही. सवडीने ये. एक काम सांगायचे आहे.' ते कार्ड अचलपुराहून मेहकरला गेले. तिथल्या पोस्टमनने इमानाने जुना पत्ता खोडून नवा लिहिला आणि ते पुसदला आले. माझ्या हाती पडले तेव्हा त्यावर तीन शिक्के होते आणि नऊ दिवस लोटले होते. तार करू का, असे आईने विचारले होते. पण पोर घाबरेल म्हणून वडिलांनी तिला अडवले होते. नंतर आईने तार केली तीही मेहकरलाच गेली.

मी त्याच रात्री निघालो. मूर्तिजापूरला शकुंतलेत बसलो. अरुंद रुळांवरची ती ७६ किलोमीटरची वाट त्या दिवशी संपता संपेना. एरवी वाटेत कुणी हात केला तरी थांबणाऱ्या या गाडीचे मला केवढे कौतुक! त्या दिवशी तिच्या प्रत्येक थांब्याला मी मनातून शिव्या दिल्या. वाफेचे ते इंजिन १९९४ साली गेले, पुढे गाडीही बंद पडली; पण तिच्या खिडकीतून दिसलेली ती पऱ्हाटीची शेते माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाहीत. घरी पोहोचलो तेव्हा तिसरा दिवस उलटला होता.

वडिलांना काय सांगायचे होते? महिनाभर मला दुसरे काही सुचत नव्हते. शेवटी एके दुपारी आईनेच विषय काढला. बहिणीच्या लग्नात वडिलांनी परतवाड्याच्या एका कापूस दलालाकडून चारशे रुपये घेतले होते. चिठ्ठी नाही, सही नाही, नुसता शब्द. ते फेडायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी समोरचे शिंपीकाका आले. तुझे वडील माझ्याजवळही बोलले होते, म्हणाले. पण त्यांनी आकडा सांगितला तीनशे. मी कोड्यात पडलो. पैसे घेऊन दलालांकडे गेलो, तर त्यांनी वही उघडून दाखवली. चारशेपैकी शंभर रुपये वडिलांनी पोळ्याला परत केले होते. आईचे बोलणे खरेच होते, पण पोळ्याच्या आधीचे. शिंपीकाकांचे ताजे होते.

हे सारे मी मुलीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, आजोबांचा निरोप तुम्हांला मिळालाच की. पत्त्यानं नाही मिळाला, नावानं मिळाला."

तिच्या अभ्यासाचा विषय तो हाच. व्हॅन जेकबसन नावाचे एक अमेरिकन संशोधक आहेत. १९८८ साली इंटरनेटवरची कोंडी फोडण्याचा उपाय लिहून त्यांनी नाव मिळवले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पालो आल्टोच्या संशोधन केंद्रातून एक निराळी कल्पना मांडली. लोकांना यंत्राशी कर्तव्य नसते, त्यातल्या मालाशी असते. मग 'अमक्या पत्त्यावर ने' असे म्हणण्याऐवजी 'अमुक नावाची वस्तू दे' असेच का म्हणू नये? ज्याच्याजवळ ती आधी सापडेल त्याने द्यावी. याला कन्टेंट-सेंट्रिक नेटवर्क म्हणतात. आपण आशयकेंद्री जाळे म्हणू.

हे समजायला या दिवाळी अंकाचेच उदाहरण पुरे. तुम्हांला हा अंक हवा असतो तेव्हा तुम्ही छापखान्याचा पत्ता शोधता का? स्टॉलवर जाऊन नुसते नाव घेता. स्टॉलवर प्रत असली तर तिथल्या तिथे मिळते. नसली तर स्टॉलवाला वहीत तुमचे नाव टिपतो. आणखी दहा जणांनी तोच अंक मागितला तरी वितरकाकडे निरोप एकदाच जातो, आणि गठ्ठा आला की वही पाहून ज्याला त्याला प्रत मिळते. पुढल्या गिऱ्हाइकासाठी एक मागे ठेवलेली असते. त्या जाळ्यातल्या प्रत्येक नाक्यावर अशीच तीन साधने असतात: मालाचे फडताळ, मागणाऱ्यांची वही आणि कोणता माल कुठल्या रस्त्याने मिळतो त्याची यादी. वस्तू कुणाच्याही हातून आली तरी तिच्यावर मूळ मालकाची सही असते, म्हणून ती खरी की खोटी ते घेणाराच पारखतो.

आता मागणारा फिरता असला तरी काय बिघडते? परतवाड्याला मागितलेला अंक हाती यायच्या आत मी अमरावतीला गेलो, तर तिथल्या स्टॉलवर पुन्हा तेच नाव घेईन. ना मुनीम, ना पाकिटात पाकीट. लहानसहान उपकरणांना तर हे फारच मानवते. त्यांची बॅटरी चिमुकली, ती बराच वेळ झोपलेली असतात. त्यांचा माल नाक्यावरच्या फडताळात असला की त्यांना उठवावे लागत नाही.

"मग झाले तर," मी म्हणालो. "लावा हे जाळे मेळघाटात."

"झालं कुठं?" ती म्हणाली. "मागणारा फिरला तर चालतं. देणारा फिरला तर पंचाईत. आणि तुमचं घड्याळ देणारं आहे."

समजा, एखादा हस्तलिखित अंक आहे, त्याची प्रत एकच, आणि ती पिशवीत घालून संपादक गावोगाव हिंडतो आहे. स्टॉलवाल्याच्या यादीत अजून 'अचलपूरकडे विचारा' असेच लिहिलेले. मागणी अचलपूरला जाते आणि संपादक सेमाडोहला कॉफी पितो आहे! यावर संशोधकांनी नाना उपाय सुचवले आहेत. एक जुनाच: मुनिमाला ठिकाण कळवीत राहा. दुसरा असा, की नव्या जागी पोहोचताच तिथून घराकडे एक माग सोडायचा. मागणी त्या मागावरून उलटी चालत येते. तिसरा मला फार पटला: फिरत्याने आपला माल वाटेतल्या एखाद्या न हलणाऱ्या ठिकाणी ठेवीत जावे आणि जगाने तिथेच मागावा. पण हे सारे अजून बरेचसे प्रयोगशाळांतच आहे. या जाळ्याचे नियम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले तेही प्रायोगिक म्हणूनच. शिवाय अडचणी आहेतच. फडताळातला कालचा ठोका आजचा म्हणून हाती पडला तर? म्हणजे पुन्हा चारशे आणि तीनशेचा घोळ. म्हणून नावात वेळही गुंफावी लागते. आणि मालाला कुलूप घातले तरी नाव उघडे राहते. 'आजोबांच्या काळजाचे ठोके' कुणीतरी मागते आहे हे वाटेतल्या नाक्यानाक्याला कळते.

मला मात्र ही कल्पना तितकीशी नवी वाटली नाही. इथून फार दूर नाही असे रिद्धपूर घ्या. चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेले. त्यांचा पत्ता शोधून काय उपयोग? म्हाइंभटांनी तो शोधला नाही; लीळा शोधल्या. ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडे जाऊन ते टिपले आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले. पुढे मूळ पोथी लुटीत गेली, तेव्हा ज्यांना पाठ होते त्यांच्या मुखातून लीळाचरित्र पुन्हा उभे राहिले. पाठभेद झाले, ते कुणाकुणाच्या नावाने ओळखलेही जातात. माल अनेकांजवळ होता म्हणूनच तो वाचला. माझ्या वडिलांनी आईला आणि शिंपीकाकांना सांगून ठेवले ते काही वेगळे नव्हते. मुलगा कुठे आहे ते त्यांना ठाऊक नव्हते. पण तो घरी येऊन विचारील याची त्यांना खात्री होती.

मुलगी तरीही ऐकेना. "माग सोडणारं यंत्र घ्या. टिपेश्वरच्या वाघाचं ऐकलंत ना?"

ऐकले होते. आमच्या विदर्भातला तो सगळ्यांत नामांकित प्रवासी. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या या वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये पट्टा बांधला. तो दर तासाला उपग्रहाच्या साह्याने ठिकाण टिपी. वाघोबा पावसाळ्याच्या तोंडी निघाले ते शेते, रस्ते, नद्या ओलांडीत तेलंगणात जाऊन परत फिरले आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबले. नऊ महिन्यांत ३००० किलोमीटरांहून अधिक! एप्रिल २०२० मध्ये पट्टा काढला तेव्हा पाच हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद झाली होती.

"पण बाई," मी म्हणालो, "वाघाच्या बाबतीत 'कुठे' हाच माल आहे. तो कुठल्या वाटेने गेला हेच शास्त्रज्ञांना हवे होते. तुला माझ्याकडून काय हवे आहे? मी कुठल्या हॉटेलात भजी खाल्ली ते, की माझे काळीज चालू आहे ते?"

ती हसली, पण डोळे भरलेले होते. "त्या दिवशी मला दोन्हींतलं काहीच कळत नव्हतं, बाबा."

यावर मला उत्तर नव्हते. १९७८ च्या त्या नऊ दिवसांत वडील दाराकडे पाहत पडले असतील, तेव्हा त्यांनाही दोन्हींतले काही कळत नव्हते. मी बदललेला पत्ता कळवला नाही. दोन्ही वेळा चूक माझीच. शेजाऱ्यांचा पोरगा चिखलदऱ्याचे पॉइंट धुंडाळीत होता आणि मी भलतीकडे होतो, ही तीच त्रिकोणी वाट. फरक इतकाच, की या वेळी मी परत आलो होतो.

शेवटी आम्ही तह केला. तिने माझ्या ठिकाणावर नजर ठेवण्याची सोय बंद केली. ठोक्यांची तेवढी राहू दिली. मी कबूल केले, की डोंगरात जाताना परतवाड्याच्या स्थानकाजवळच्या चहावाल्याला सांगून जाईन: कुठली गाडी, किती वाजता परत, सोबत कोण. तो जागचा हलत नाही आणि त्याचा फोन नेहमी लागतो. तिने त्याला विचारावे. बेत बदलला तर गाडीत चढण्यापूर्वी निरोप बदलायचा, म्हणजे शिळा राहणार नाही. संशोधकांचा तिसरा उपाय आम्ही असा सहा रुपयांच्या चहावर अमलात आणला आहे.

परवा सकाळी तिचा फोन आला. सवयीने 'कुठे' हा शब्द तिच्या ओठांवर आलेला मला ऐकू आला, पण तिने तो गिळला आणि म्हणाली, "बाबा, कसे आहात?"

"उत्तम आहे," मी म्हणालो. आणि तिने न विचारताच सांगून टाकले, "घरीच आहे गं. ओसरीवर बसलो आहे."